माकडचेष्टा आणि महाकाव्य

अथेन्सच्या रंगभूमीवर मिनिस्कोस नावाचा एक मुरलेला नट होता, ट्रॅजेडीकार एस्किलसच्या नाटकांत कामं केलेला. त्याच्यामागून आलेला कॅलिपिडीस रंगमंचावर इतके हातवारे करायचा, की म्हातारबुवा त्याला सरळ ‘माकड’ म्हणायचे. नाटकवाल्यांच्या गप्पांत शोभावा असा हा किस्सा आपल्यापर्यंत पोचला तो ॲरिस्टॉटलमुळे. ‘पोएटिक्स’ या त्याच्या काव्यशास्त्राच्या अगदी शेवटच्या, सव्विसाव्या प्रकरणात त्याने तो नोंदवला आहे. तिथे विषय मात्र अभिनयाचा नाहीच. प्रश्न असा आहे: महाकाव्य थोर की ट्रॅजेडी?

आज हा प्रश्न एम.ए.च्या पेपरात ‘साम्य-भेद स्पष्ट करा’ म्हणून येतो आणि विद्यार्थी मधे उभी रेघ मारून दोन रकाने भरतात. रकाने चुकीचे नसतात. पण मुळात हा एक खटला आहे, त्यात आरोप आहे, बचाव आहे आणि न्यायाधीश एका बाजूला जरासा झुकलेला आहे, हे त्या रेघेत हरवून जातं.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या अथेन्समध्ये या दोन्ही गोष्टी पुस्तकात कमी आणि उत्सवात जास्त होत्या. अथीनादेवीच्या मोठ्या उत्सवात रॅप्सोड, म्हणजे महाकाव्यं पाठ म्हणणारे धंदेवाईक कलावंत, होमरची इलियड-ओडिसी गाजवायचे, तेही चुरशीने, स्पर्धेत. वसंतात डायोनिसस देवाचा उत्सव असायचा, त्यात ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या थिएटरात ट्रॅजेडींची स्पर्धा. मुखवटे घातलेले तीन नट, कोरस म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा, आणि साथीला औलोस. औलोसचं भाषांतर बरेचजण ‘बासरी’ असं करतात, पण ते सनईसारखं पत्तीचं वाद्य, तेही जोडनळ्यांचं.

रॅप्सोड मात्र एकटा उभा राहायचा. उंची कपडे, डोक्यावर सोन्याचा मुकुट आणि होमर तोंडपाठ. प्लेटोने ‘आयन’ नावाच्या एका छोट्या संवादात असा एक रॅप्सोड सॉक्रेटिसच्या तावडीत दिला आहे. आयन सांगतो, करुण प्रसंग आला की माझे डोळे भरून येतात, भीतीचा आला की अंगावर काटा उभा राहतो. आणि त्याच दमात कबूल करतो, की चौथऱ्यावरून माझं प्रेक्षकांकडे बारीक लक्ष असतं. ते रडले तर मी हसणार, कारण पैसे मिळणार. ते हसले तर रडायची पाळी माझ्यावर. हा आयन डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्लेटोनेच ‘लॉज’ या उतारवयातल्या ग्रंथात एक गमतीची स्पर्धा कल्पिली आहे. समजा, कोणीही यावं आणि प्रेक्षकांना रिझवावं, तर बक्षीस कोणाला? अगदी लहान पोरं म्हणतील बाहुल्यांचा खेळ दाखवणाऱ्याला. जरा मोठी मुलं म्हणतील कॉमेडीवाल्याला. शिकलेल्या बायका, तरुण मंडळी आणि एकूण बहुसंख्य लोक ट्रॅजेडीला कौल देतील. आणि आम्ही म्हातारे? आम्हाला इलियड किंवा ओडिसी नीट म्हणणारा रॅप्सोडच सगळ्यांत आवडणार. म्हाताऱ्यांची निवड खरी, हे प्लेटोला सुचवायचंच आहे.

आता सव्विसाव्या प्रकरणातला आरोप वाचला की तो कुठून येतोय ते कळतं. आरोप असा: जी कला कमी थिल्लर ती चांगली, आणि चांगल्या प्रेक्षकांसाठी असते ती कमी थिल्लर. महाकाव्याच्या श्रोत्याला हावभाव लागत नाहीत. ट्रॅजेडीला कुठलाही प्रेक्षक चालतो, म्हणून नट सारखे हलत राहतात, जणू स्वतःची भर घातली नाही तर लोकांना कळणारच नाही. औलोस वाजवणारेसुद्धा मागे नाहीत. थाळीफेकीचा प्रसंग असला की स्वतःच गिरक्या घेतात, आणि खलाशांना ओढून नेणारी स्किला राक्षसी असली की कोरसच्या म्होरक्याला धरून ओढतात. ॲरिस्टॉटल कोणाचं नाव घेत नाही. पण तरुणपणाची वीस वर्षं ज्याने प्लेटोच्या अकादमीत काढली, त्याला हे कोणाचं म्हणणं आहे ते सांगावं लागत नसणार.

बचावाचा पहिला मुद्दा सोपा आणि बिनतोड. माकडचेष्टा हा नटाचा दोष, कवीचा नाही. आणि त्या काय नटच करतात? रॅप्सोडही करतात. इथे ॲरिस्टॉटल सोसिस्ट्रेटस नावाच्या रॅप्सोडचं उदाहरण देतो, आणि आपल्याला आयनचे ते हिशेबी अश्रू आठवतात. हालचाल म्हणजेच हलकेपणा असं धरलं तर नाचही हलका ठरेल. वाईट हालचाल वाईट, एवढंच. शिवाय ट्रॅजेडी नुसती वाचली तरी तिचा परिणाम होतो, महाकाव्याचा होतो तसाच. तेव्हा हातवाऱ्यांचा दोष तिच्या अंगाला चिकटलेला नाही.

पुढे जाण्याआधी शब्दांचं एक त्रांगडं. ट्रॅजेडीला आपण मराठीत ‘शोकांतिका’ म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण या शब्दाने शेवट आधीच सांगून टाकला. ग्रीक ट्रॅजेडीचा शेवट दुःखाचाच हवा असा नियम नव्हता. युरिपिडीसच्या एका नाटकात दूर टॉरियन लोकांच्या देशात पुजारीण झालेली इफिजीनिया एका परक्याचा बळी द्यायची तयारी करते. तो आपलाच भाऊ आहे हे ऐनवेळी कळतं आणि दोघं सुटून जातात. तीही ट्रॅजेडीच. तेराव्या प्रकरणात दुःखान्ताची बाजू घेणारा ॲरिस्टॉटल चौदाव्यात म्हणतो, की घात होता होता ओळख पटून टळावा हे सगळ्यांत उत्तम, आणि उदाहरण हेच देतो. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं यावर पंडित अजून भांडतात. बाराव्या शतकात कॉर्डोबाच्या इब्न रुश्दपुढे अडचण याहून मोठी होती. त्याच्या भोवती नाटकच नव्हतं, त्यामुळे अरबी भाषांतरातून वाचताना त्याने ट्रॅजेडी म्हणजे स्तुतिकाव्य आणि कॉमेडी म्हणजे निंदाकाव्य असा अर्थ लावला. विंदा करंदीकरांनी हे काव्यशास्त्र मराठीत आणलं तेव्हा आपल्याला नाटक तरी चांगलं माहीत होतं. मी पुढे ‘ट्रॅजेडी’च म्हणतो.

ट्रॅजेडीची ॲरिस्टॉटलने सहा अंगं सांगितली आहेत: कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. यातली पहिली चार महाकाव्यातही असतात. म्हणून तो पाचव्या प्रकरणातच म्हणून ठेवतो, की ज्याला ट्रॅजेडीतलं बरं-वाईट कळलं त्याला महाकाव्यातलंही कळलं, पण उलट खरं नाही. दोन्हींत थोर माणसांची गंभीर गोष्ट असते. फरक इतकाच, की महाकाव्य एका वृत्तात, हेक्झामीटरमध्ये, गोष्ट सांगतं आणि ट्रॅजेडी ती करून दाखवते. ट्रॅजेडी शक्यतो सूर्याच्या एका फेरीत आटोपायला बघते, महाकाव्याला वेळेचं बंधन नाही. पुढे युरोपातल्या पंडितांनी या साध्या निरीक्षणाचा कडक कायदा केला, त्यात स्थळाचं बंधनही आपल्याकडून घातलं आणि नाटककारांना दोन शतकं छळलं. ॲरिस्टॉटलकडे त्याचा दोष नाही.

खरा मुद्दा आकाराचा आहे. ॲरिस्टॉटल वैद्याचा मुलगा, आणि प्राण्यांचा अभ्यास केलेला माणूस. सौंदर्याचा विषय निघाला की त्याला प्राणी आठवतो. फार बारका जीव सुंदर दिसत नाही, कारण नजर ठरत नाही. आणि दहा हजार स्टेडिया लांबीचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अठराशे किलोमीटरच्या घरातला प्राणी असेल तर तोही सुंदर दिसणार नाही, कारण शेपटाकडे पोचेपर्यंत डोकं नजरेआड गेलेलं असतं. कथानकाचंही तसंच. ते सगळं मिळून आठवणीत मावलं पाहिजे.

म्हणून सव्विसाव्या प्रकरणात तो विचारतो: सोफोक्लीजचा ‘ईडिपस’ इलियडइतक्या ओळींत लिहिला असता तर? इलियड आज आपल्या हातात आहे ते १५,६९३ ओळींचं. ‘ईडिपस’ १,५३० ओळींचं. म्हणजे दसपट ताणायचं. त्याचा शब्द आहे ‘पाणचट’. ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी घालूनच प्यायचे, तेव्हा किती पाण्यानंतर चव जाते हे त्यांना कोणी शिकवायला नको. आपल्याकडे पाहुणे वाढले की आमटीत तांब्या ओततात, तशातलं हे.

तो दाटपणा म्हणजे काय ते एका प्रवेशात बघू. पु. ल. देशपांड्यांच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. थीब्ज शहरात साथ पसरली आहे, आधीच्या राजाचा, लेयसचा, खुनी सापडल्याशिवाय ती जाणार नाही, आणि ईडिपस त्याचा शोध घेतोय. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, या भविष्याला भिऊन तो कधीकाळी कॉरिंथमधून पळून आलेला. अशात कॉरिंथहून एक म्हातारा निरोप्या येतो. बातमी चांगली आहे: तुझे वडील गेले, ते म्हातारपणाने, आता राज्य तुझं. ईडिपसला हायसं वाटतं, पण आईची भीती उरतेच. तेव्हा निरोप्या मोठ्या प्रेमाने सांगतो, अहो, ती भीती सोडा, ते तुमचे खरे आईवडील नव्हतेच, मीच तुम्हाला तान्हं असताना त्यांच्या हाती दिलं. झालं. राणी योकास्टा, आधी लेयसची बायको, आता ईडिपसची. हा आपलाच मुलगा, हे तिला त्या क्षणी कळतं, नवऱ्याला अजून नाही. ती विनवते, पुढे विचारू नका. तो विचारत राहतो.

भीती घालवायला आलेला माणूसच भीती खरी करून जातो. याला ॲरिस्टॉटल कलाटणी म्हणतो. तिच्याबरोबरच अज्ञानातून ज्ञानाकडे जाणं येतं, ‘शाकुंतला’च्या नावात आहे ते अभिज्ञान. इथे दोन्ही एकाच झटक्यात होतात म्हणून हे नाटक त्याचं लाडकं. तिठ्यावर ईडिपसच्याच हातून झालेला लेयसचा खून, स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं, लग्न, हे सगळं नाटक सुरू व्हायच्या कितीतरी आधी घडून गेलंय. रंगमंचावर उरतो तो फक्त एक दिवस. इतकी वर्षं राज्य करून लेयस कसा मेला याची ईडिपसने चौकशी कशी केली नाही, असा प्रश्न चोखंदळ प्रेक्षकाला पडू शकतो. ॲरिस्टॉटललाही पडलेला आहे. त्याचं उत्तर: न पटणारी गोष्ट ठेवायचीच असेल तर ती अशी कथानकाच्या बाहेर ठेवावी.

इथवर सगळं ट्रॅजेडीच्या बाजूने. घोळ होतो तो होमरमुळे. महाकाव्याला खाली बसवायचं तर होमरला खाली बसवावं लागणार, आणि ॲरिस्टॉटलचा होमरवर जीव आहे. तो म्हणतो, इतर कवींना वाटतं नायक एक असला की गोष्ट एक झाली, म्हणून ते हेराक्लीजच्या आयुष्यात घडलेलं सगळं काव्यात कोंबतात. होमर तसं करत नाही. ट्रॉयच्या युद्धाला आरंभ आणि शेवट असूनही त्याने सगळं युद्ध घेतलं नाही. इलियडमध्ये दहाव्या वर्षातले पन्नासेक दिवस आहेत. लाकडी घोडा नाही, ग्रीकांचा वीर अकिलीस याचा मृत्यूही नाही. अकिलीसला राग येतो, त्याची किंमत मोजली जाते, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी काव्य थांबतं. ओडिसीचं सार तर सतराव्या प्रकरणात चार ओळींत उरकलं आहे: एक माणूस कितीतरी वर्षं घराबाहेर, एकटा, समुद्रदेव पाळतीवर. घरी बायकोला मागणी घालणारे त्याची दौलत उडवतायत आणि मुलाच्या जिवावर उठलेत. तो वादळं सोसून परततो, ओळख देतो, हल्ला करतो, वाचतो आणि शत्रूंना संपवतो. बाकीची बारा हजार ओळींची ओडिसी म्हणजे उपकथानकं.

शिवाय होमर स्वतः फार बोलत नाही. दोन शब्द प्रस्तावनेचे, की लगेच कोणातरी पात्राला पुढे करतो. म्हणजे होमर आवडतो तो कशासाठी? तो नाटककारासारखा लिहितो म्हणून. प्लेटोनेही त्याला ट्रॅजेडीकारांचा पहिला गुरू म्हटलं होतं. ते कौतुक नव्हतं, पण नातं तेच. आणि एस्किलस म्हणे स्वतःच्या नाटकांना होमरच्या मेजवानीतले तुकडे म्हणायचा. थोडक्यात, महाकाव्य मोजायची पट्टी ट्रॅजेडीच्या दुकानातून आणलेली आहे, आणि होमर तिच्यावर जवळजवळ पूर्ण उतरतो. जवळजवळच.

न्यायाधीश झुकतो तो इथे. तेविसाव्या प्रकरणात म्हणतो, ट्रॉयच्याच युद्धावरच्या इतर महाकाव्यांपैकी ‘सिप्रिया’तून पुष्कळ ट्रॅजेडी निघतात, ‘लिटल इलियड’मधून आठांहून जास्त, पण इलियड आणि ओडिसीतून प्रत्येकी एक, फार तर दोन. ही होमरची स्तुती झाली. सव्विसाव्यात मात्र सूर बदलतो: कुठल्याही महाकाव्यातून अनेक ट्रॅजेडी निघतात, इलियड-ओडिसीतही असे बरेच भाग आहेत, तेव्हा एकसंधपणात महाकाव्य कमीच. लगेच ‘तरी ही दोन काव्यं शक्य तितकी उत्तम आहेत’ अशी मलमपट्टी करतो, पण व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. संगीत आणि दृश्याचंही तसंच. सहाव्या प्रकरणात दृश्य हे काव्याशी सगळ्यांत कमी संबंध असलेलं अंग होतं, प्रयोगाशिवायही ट्रॅजेडीची ताकद टिकते असं होतं. आता त्याच दोन अंगांमुळे तिची बाजू वजनदार. वाचली तरी जिंकते, पाहिली तर दुप्पट जिंकते. वकील म्हणून मी त्याला पूर्ण गुण देईन.

आणि महाकाव्याकडे जे आहे, ते त्याला दिसलं नव्हतं असं नाही. चोविसाव्या प्रकरणात त्याने स्वतःच सांगितलंय. पहिली गोष्ट, एकाच वेळी अनेक ठिकाणी चाललेलं दाखवणं. रंगमंचावर नट उभा असतो तेवढीच जागा मिळते. दुसरी, अद्भुत.

उदाहरण हेक्टरच्या पाठलागाचं आहे. इलियडच्या बाविसाव्या सर्गात अकिलीस हेक्टरच्या मागे लागतो आणि दोघं ट्रॉयच्या तटाभोवती तीन फेऱ्या घालतात. वाटेत दोन झरे लागतात, एकातून वाफाळतं पाणी येतं, दुसऱ्यातलं उन्हाळ्यातही गारेसारखं. शेजारी दगडी डोणी आहेत. शांततेच्या काळात, ग्रीक येण्याआधी, ट्रॉयच्या बायका तिथे धुणी धुवायच्या. जीव घेऊन पळणाऱ्या माणसाच्या वाटेत होमरला ही धुणी दिसतात. मग तो म्हणतो, स्वप्नात जसं पळणारा सुटत नाही आणि धरणाऱ्याच्या हाती लागत नाही, तसं चाललं होतं. आणि सगळं ग्रीक सैन्य बघत उभं, कारण अकिलीसने मानेने खुणावलंय: कोणी भाला टाकू नका, हा माझा.

हेच थिएटरात करून बघा, ॲरिस्टॉटल म्हणतो. एक नट पळतोय, दुसरा मागे, आणि बाकीचे भालेवाले खांबासारखे उभे. मागचा पळता पळता मान हलवून ‘नको, नको’ करतोय. हसू फुटेल. काव्यात मात्र ते खटकत नाही, कारण माणूस डोळ्यांसमोर नाही. न पटणारं पटवायचं, ‘खोटं कसं सांगावं’ हे इतर कवींना होमरनेच शिकवलं, असं तो म्हणतो, आणि दाखला देतो ओडिसीतल्या पाय धुण्याच्या सर्गाचा. भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस बायकोला थाप मारतो, की मी क्रीटचा, तुझा नवरा ट्रॉयला जाताना माझ्याकडे उतरला होता. पुरावा? जांभळा दुपदरी झगा, आणि त्यावर सोन्याची पिन, पिनेवर हरणाच्या पाडसाला पंजात धरलेला कुत्रा. पिन खरी. तेव्हा पेनेलोपी बाकीचंही खरं मानते, आणि आपणही मान डोलावतो.

या जमेच्या बाजू सव्विसाव्या प्रकरणातल्या ताळेबंदात कुठेच दिसत नाहीत. माझी तक्रार तेवढीच आहे. निकाल चुकला असं नाही म्हणत, पण एका रकान्याची बेरीज धरली आणि दुसऱ्याची राहिली. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी ड्रायडनने महाकाव्य ही माणसाच्या हातून होणारी सर्वांत थोर कृती ठरवली. तोवर युरोपात निकाल उलटला होता, तोही ॲरिस्टॉटलला मानणाऱ्या मंडळींकडूनच.

महाकाव्य लिहिणाऱ्यांना ॲरिस्टॉटलने जाता जाता एक सल्ला दिला होता: जुन्या काव्यांपेक्षा आखूड लिहा, एका बैठकीत सादर होणाऱ्या ट्रॅजेडींची मिळून जेवढी लांबी होते तेवढं. पुढच्याच शतकात अपोलोनियस या ग्रीक कवीने ‘आर्गोनॉटिका’ हे महाकाव्य लिहिलं, चार सर्गांचं, ५,८३५ ओळींचं, म्हणजे जवळपास त्याच मापाचं. नायिकाही ट्रॅजेडीतून ओळखीची झालेली, मीडिया. परक्या जेसनवर जीव जडलाय, त्याला मदत करायची तर बापाचा घात करावा लागणार. तिसऱ्या सर्गात रात्र पडते. समुद्रावरचे खलाशी सप्तर्षी आणि मृगाकडे बघतायत. वाटसरूला आणि दारावरच्या पहारेकऱ्याला झोप हवीशी झालीय. जिची लेकरं गेली ती आईसुद्धा गाढ झोपलीय. गावात कुत्रं भुंकत नाही. आणि या सगळ्या अंधाराच्या मध्यावर एक मुलगी विषाची पेटी मांडीवर घेऊन रडतेय, झाकणाचे बंद सोडायला घेतेय.